व्हर्लिन टॅकेटचा सव्वा इंच

व्हर्लिन टॅकेट माझा मावसभाऊ. सॉरेल क्रीकमध्ये एवढा उंच माणूस त्याच्या आधी झाला नाही. पुढंही होऊ नये असं त्याची आई, म्हणजे माझी डेला मावशी म्हणायची, कारण त्याच्या विजारींना तुकडे जोडता जोडता तिचे डोळे अधू झाले. जन्माच्या वेळी डॉक्टर पेटिग्रू खोलीबाहेर आले आणि मावशीच्या नवऱ्याला म्हणाले, "मुलगा हाय. निम्मा आलाय. बाकीचा येतोय." डॉक्टर ही गोष्ट दर नाताळाला सांगायचे आणि दर नाताळाला मावशी त्यांच्या ताटातला केकचा तुकडा उचलून घ्यायची.

अठराव्या वर्षी व्हर्लिन सहा फूट सात इंच भरला. शाळेत शेवटच्या बाकामागं उभा राहायचा, चर्चमध्ये प्रार्थनेला मान खाली घातली तरी पुढच्या रांगेतल्या बाईच्या हॅटवर त्याचा श्वास लागायचा. मक्याच्या सुगीत त्याचा उपयोग काहीच नव्हता. कणसं खाली आणि हा वर. मात्र आमच्या मुलखात असा पोरगा झाला की त्याचा बाप सुगीची काळजी करत नाही. पिंपाचं कडं काढून बास्केटबॉलसाठी कोठाराच्या दारावर ठोकतो. ज्या कोठारावर कडं नाही त्या घरात पोरीच झाल्या असं धरून चालतात. आणि पोरी झाल्या तरी दोन वर्षांत कडं येतंच.

आमच्या गावात माणसं तीनशे आणि खेळाच्या सभागृहात जागा नऊशे. हिवाळ्यात शुक्रवारी त्या सगळ्या भरायच्या. वरचे सहाशे कुठनं यायचे ते कुणी विचारत नव्हतं.

व्हर्लिनची अडचण एकच होती. त्याला पळता यायचं नाही. पळायला लागला की शिडी जिन्यावरनं घसरावी तसा दिसायचा. कॉलेजचे कोच रॉस्को डनलेव्ही त्याला बघायला कोठाराशी आले तेव्हा मी कुंपणावर बसून सफरचंद खात होतो.

"पळता येतं?" कोचनं विचारलं.

"न्हाय."

"उडी?"

"कशाला?"

कोचनं वर बघितलं. बोलता बोलता व्हर्लिनचा हात कड्यावर असा टेकला होता, जसा दुसऱ्या कुणाचा कुंपणावर टेकतो.

"खरंय," कोच म्हणाले. "कशाला?"

त्या वेळचा नियम असा होता की बास्केटमध्ये पडायला निघालेला चेंडू वरच्यावर झोडपून लावला तरी चालायचा. कोचनं व्हर्लिनला आपल्या बास्केटखाली उभा केला आणि सांगितलं, हात वर ठेव, येईल तो हाकल. झाडाखाली उभं राहून कावळे हाकायचं काम. पहिल्या हिवाळ्यात कॉलेज एकवीसपैकी सतरा सामने जिंकलं. समोरच्यांची पोरं चांगली पळायची, नेमही धरायची, चेंडू छान गोल वळण घेऊन यायचा, आणि वर व्हर्लिनचा पंजा. पेपरवाल्यांनी त्याला 'लॅटिमर काउंटीचं झाकण' असं नाव दिलं. मग काय, आमचे लोक सामन्याला जायचे ते ओरडायलाच, "झाकण लाव! झाकण लाव रं!"

मग लढाई लागली.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत कॉलेज रिकामं झालं. कोचच्या हातात उरला तो संघ म्हणजे एका डोळ्याचा एक, दम्याचा एक, पाद्री व्हायला आलेले तिघं, आणि व्हर्लिन. व्हर्लिनचा धाकटा भाऊ डॉयल पाच फूट आठ, तो केव्हाच सैन्यात गेला होता. व्हर्लिन तीनदा भरतीला जाऊन आला. तिन्ही वेळा एकच उत्तर. सहा फूट सहाच्या वर माणूस घेत नाहीत. एवढ्या लांबीचे कपडे नाहीत, एवढ्या लांबीची खाट नाही, आणि खंदक त्याच्यासाठी वेगळा खणायचा कोण?

गावानं अर्थातच सोडलं नाही. न्हावी म्हणायचा, "व्हर्लिन, सरकार म्हणतंय कापड संपलं." दुकानात कुणी म्हणायचं, "लेका, तुला खंदकात उभा केला तर शत्रूला आपली जागा नकाशाशिवाय कळायची." व्हर्लिन हसायचा. त्याला राग वरपर्यंत चढायला वेळ लागायचा, अंतरच तेवढं होतं.

पण डिसेंबरात परगावी सामना होता. समोर नौदलाची शिकाऊ पोरं, सगळी गणवेश उतरवून खेळायला आलेली. मी प्रेक्षकांत होतो. सभागृह जरा शांत झालं आणि वरच्या बाकावरनं एक बाई खणखणीत ओरडली, "ए झाकणा! माझा पोरगा आफ्रिकेत वाळू खातोय आन तू हितं चेंडू हाकलतोस व्हय? लाज वाटंना का?"

व्हर्लिनचा हात वर होता तो वरच राहिला. चेंडू त्याच्या बोटांजवळनं आत पडला. नंतर आणखी तीन पडले.

परत येताना बसमध्ये तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तसा तो एरवीही तसाच बसायचा, बसच्या छपरामुळं. त्यामुळं मला आधी कळलं नाही.

"खुळी बाई," मी म्हणालो.

"खुळी न्हाय ती," तो म्हणाला. "क्लेव्ह, मला जायचंय. कसंबी करून जायचंय. एक इंच आडवा येतोय नुसता."

एक इंच कमी करायचा म्हटल्यावर आमच्या घरात एकाच माणसाकडं जायची रीत होती. जुबाल मामाकडं.

जुबाल मामा खेचरांचा व्यापारी. जत्रेत लहान खेचरांचा वेगळा वर्ग असायचा, ठरल्या मापाच्या वर जनावर गेलं की बाद. जुबाल मामाची जनावरं माप घ्यायच्या आधी वर असायची, मापाला बरोबर बसायची, आणि बक्षीस घेऊन घरी आली की परत वाढायची. पंचांना हे ठाऊक होतं, देवाला ठाऊक होतं, पण मापाची काठी खोटं बोलत नाही ना, त्यामुळं कुणाला काही म्हणता यायचं नाही.

व्हर्लिननं अडचण सांगितली. मामानं त्याच्याभोवती एक फेरी मारली, दात बघायचे तेवढे राहिले.

"लोकांना वाटतंय जनावर बारकं करायचं असतंय," मामा म्हणाला. "खुर तासत्यात, उपाशी ठेवत्यात. गाढवं लेकाची. जनावर बारकं करायचं नसतंय. त्याला काठीची भीती घालायची असती. क्लेव्ह, दाभण आण."

"दाभण?" व्हर्लिन म्हणाला.

"पोती शिवायचा. तुला काय शिवत न्हाय, घाबरू नगंस."

नाताळाच्या सुट्टीत रोज सकाळी कोठारात शाळा भरायची. व्हर्लिन खांबाला पाठ लावून उभा. मामाच्या हातात मापाची काठी, तिला आडवी पट्टी. पट्टी वरनं खाली यायची आणि टाळूला टेकली रे टेकली की मी मागनं गुडघ्याच्या लवणीत दाभण टोचायचो. जोरात नाही. खेचराला करतात तेवढंच.

पहिल्या दिवशी व्हर्लिन खाली न जाता वर उडाला आणि तुळईला डोकं आपटलं.

"आता दीड इंच वाढला," मामा म्हणाला. "परत."

चौथ्या दिवसापासनं तो दबायला लागला, पण असा दबायचा की आंधळ्यालाही दिसावं. ढोपरं पुढं, बूड मागं.

"तसं न्हाय रं! समदं एका जागंवरनं काढलं की पकडत्यात. जरा ढोपरातनं, जरा कमरंतनं, जरा मानंतनं. चोरी करायची तर तीन घरात थोडी थोडी करावी."

एका सकाळी डेला मावशी दुधाची बादली घेऊन दारात आली. तिनं काठी बघितली, दाभण बघितला, पोरगा बघितला.

"काय चाललंय, जुबाल?"

"तुझ्या पोराला उभं राह्यला शिकवतोय."

"विसाव्या वर्षी?"

"तू शिकवलं आसतंस तर माझ्यावर आली नसती."

मावशी गेली. तिला सगळं कळलं होतं असं मला अजून वाटतं. एक पोरगा आधीच गेलेला, दुसऱ्याला सरकारच घेत नव्हतं. तिच्या जागी दुसरी असती तर काठी चुलीत घातली असती. तिनं फक्त त्या दिवसापासनं व्हर्लिनच्या ताटात ग्रेव्ही कमी वाढली, वाढ थांबावी म्हणून का काय कोण जाणे.

अकराव्या दिवशी मामानं मला दाभण खिशात घालायला सांगितला. पट्टी खाली आली, टाळूला टेकली, आणि व्हर्लिन पाण्यात बसल्यासारखा, चेहऱ्यावरची माशी न हलता, सव्वा इंच खाली गेला.

"खेचर चार दिवसांत शिकतंय," मामा म्हणाला. "कॉलेजात गेलेलं जनावर. लागायचाच येळ."

जानेवारीत मापाचा दिवस आला. दिवसभर मामानं व्हर्लिनच्या खांद्यावर बियाण्याच्या मक्याची पोती देऊन कोठारात येरझाऱ्या घालायला लावल्या. माणूस संध्याकाळी सकाळपेक्षा अर्धा इंच कमी भरतो हे शेतात राबणाऱ्याला सांगावं लागत नाही. चार वाजता आम्ही डॉक्टर पेटिग्रूंकडं गेलो. माझंही माप होतं त्याच दिवशी.

डॉक्टरांनी पट्टी खाली आणली. व्हर्लिन बसला पाण्यात. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत पट्टी लावली.

"सहा फूट सव्वापाच इंच," ते म्हणाले. "व्हर्लिन, मागच्या येळी तू सहा सात व्हतास."

"वय झालं, डॉक्टर."

"मी तुला जन्माला येताना बघितलंय."

"तवापासनंच म्हणतोय मी."

डॉक्टरांनी लेखणी उचलली. मग म्हणाले, "काठी सांगती ते मी लिहितो. माझं काम तेवढंच हाय." आणि लिहिलं. फेब्रुवारीच्या शेवटी शहरात लष्कराच्या तपासणीला या, असा कागद आम्हा दोघांना मिळाला.

व्हर्लिन इतका खूष झाला की घरी जाताना दारांच्या चौकटींना कपाळ आपटायचं विसरला.

पण मामा एक गोष्ट सांगायची विसरला होता. खेचराला काठीची भीती घातली की ते फक्त काठीला भीत नाही. डोक्यावरनं जे काही खाली येईल त्याला भीतं. फांदी, टोपी, पाव्हण्याचा हात. खेचराला चालतं, खेचराला बास्केट राखायचं नसतं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सामन्यात समोरच्या पोरानं चेंडू उचलला, चेंडू गोल वळण घेऊन व्हर्लिनच्या डोक्यावर आला, आणि झाकण सव्वा इंच खाली बसलं. चेंडू बोटांच्या टोकावरनं गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला तर व्हर्लिननं डोळे मिटले. आम्ही तीन गुणांनी हरलो. पुढच्या सामन्यात नऊ गुणांनी.

"आजारी हायस काय?" कोच विचारायचे.

"न्हाय, कोच."

"प्रेमात पडलास?"

"न्हाय, कोच."

"मग दबतोस कशापायी रं? त्यो चेंडू हाय, चेंडू! त्यो काय तुझा सासरा हाय?"

हे कोचना कळलं ते माझ्यामुळं, हे लपवण्यात अर्थ नाही. कॉलेजच्या गावातल्या खानावळीत त्यांनी मला समोर बसवून पर्सिमन फळाचं पुडिंग मागवलं. एक बशी संपली तोवर मी गप्प होतो. दुसरी आली आणि मी दाभणापासनं मक्याच्या पोत्यांपर्यंत सगळं ओकलो. माझी किंमत दोन बश्या, हे मामानं पुढं तीस वर्षं ऐकवलं.

कोच रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते चमचा चाटत बसले.

"दाबायला शिकवता येतंय," ते म्हणाले, "म्हंजे उचलायलाबी शिकवता येतंय."

डनलेव्ही कोच होण्याआधी डुकरं पाळणाऱ्या घरातले. डुकरांना हाक मारायची स्पर्धा ते दोन वेळा जिंकलेले. त्यांनी व्हर्लिनला सांगितलं, "माझी हाक आली की टाचा वर, मान वर, सगळं वर. नाही झालं तर मैदानाला धा फेऱ्या, पळत."

व्हर्लिनला दाभण परवडला असता, पळणं नाही. दोन दिवसांत शिकला. सामन्यात चेंडू उडाला की बाकावरनं कोच बोटं तोंडाशी धरून अशी हाक द्यायचे, "सूऽऽऽई! सूई सूई!" आणि व्हर्लिन बांग देणाऱ्या कोंबड्यासारखा उंच व्हायचा. पंचांनी नियमांचं पुस्तक दोनदा उघडून बघितलं. डुकराला हाक मारू नये असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. पाच सामने लागोपाठ जिंकलो. मार्चच्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण आलं, कॉलेजच्या जन्मात पहिल्यांदा.

व्हर्लिनला वाटलं, कोच हे सामन्यांपुरतंच करतायत. मलाही तसंच वाटलं. दोन बश्या पुडिंग खाल्लेल्या माणसाला अक्कल कुठनं असणार?

तपासणीच्या दिवशी कोच स्वतः गाडी घेऊन दारात आले. पेट्रोल मिळत नव्हतं त्या दिवसांत, तरी आले. "पोरांना शहरात मी सोडतो. व्हर्लिन, तू मागच्या सीटवर पाय खिडकीबाहेर काढून आडवा हो. आराम कर." दोन तास पडून माणूस ताणला जातो हे माझ्या ध्यानात आलं ते परत येताना.

तपासणीची जागा म्हणजे एक लांब खोली, एका टोकाला शेगडी, आणि रांगेत आम्ही चाळीसजण अंडरपँटवर. माझे पाय सपाट निघाले, पाच मिनिटांत मला कांबळं देऊन बाकावर बसवलं. मला वाईट वाटलं नाही, खरं तेच सांगतो. त्यामुळं व्हर्लिनची पाळी मला नीट बघायला मिळाली.

माप घेणारा एक शहरी शिपाई होता, कानावर पेन्सिल. त्यानं पट्टी खाली आणली. व्हर्लिन बसला पाण्यात.

"सहा फूट पावणेसहा," शिपाई म्हणाला आणि पेन्सिल काढली.

शेगडीमुळं खिडकी अर्धी उघडी होती. खालच्या बोळातनं हाक आली.

"सूऽऽऽई! सूई सूई!"

रांगेतल्या सहा-सात शेतकऱ्यांच्या पोरांनी माना वळवल्या. आणि व्हर्लिन वर गेला. टाचा, मान, सगळं.

शिपायानं कागदावरनं वर बघितलं, आणि बघतच राहिला. "सहा... नऊ?" त्यानं परत पट्टी टेकवली. व्हर्लिन खाली. "पावणेसहा." पेन्सिल कागदाला लागली.

"सूऽऽऽई!"

व्हर्लिन वर.

"हलू नकोस!"

"मी हलत न्हाय," व्हर्लिन म्हणाला. बिचारा खरंच बोलत होता. घाम फुटला होता त्याला. पट्टी आली की खाली, हाक आली की वर, हापशाच्या दांड्यासारखा. चाळीस उघडी माणसं हसून हसून एकमेकांवर पडत होती. मी कांबळ्यात तोंड खुपसलं होतं. शिपायानं पट्टी काढून उलटी करून बघितली, पट्टीला काही झालं नव्हतं.

शेवटी आतनं एक अधिकारी आला. कॅप्टन रड, मिझुरीचा, म्हणजे खेचरांच्याच मुलखातला, बुटका, पाय खेचराच्या पाठीवर वाढल्यासारखे वाकडे. त्यानं एक वेळ पट्टी टेकवून बघितली, एक वेळ खिडकीकडं बघितलं.

"झोप," तो म्हणाला.

"कुठं, साहेब?"

"जमिनीवर. उताणा. आन कुणीतरी जाऊन त्या बोळातल्या डुकराला गप करा."

आडव्या माणसाला दबता येत नाही आणि टाचाही उचलता येत नाहीत. सहा फूट सात. शिपायानं कागदावर मोठा शिक्का मारला. तो आवाज खोलीभर गेला आणि सगळ्यांचं हसणं एकदम बंद झालं, कारण जमिनीवर पडलेला व्हर्लिन छताकडं बघत होता आणि उठत नव्हता.

कॅप्टन त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

"दाभण कुणी धरला व्हता?" त्यानं हळूच विचारलं.

मी बाकावरनं हात वर केला.

"माझ्या बापाकडं खिळा व्हता," कॅप्टन म्हणाला. "दाभण बरा. शिकवलं कुणी?"

"मामानं," व्हर्लिन छताला म्हणाला.

"मामा खेचरं विकतो?"

"व्हय."

"तुला खेचरं कळत्यात?"

"मलाच एक केलंय त्यांनी, साहेब. कळणार न्हाय तर काय."

कॅप्टन हसला नाही. म्हणाला, "तुला गणवेश मिळणार नाही. ते माझ्या हातात नाही, उगी आशा लावू नगंस. पण आफ्रिकेला खेचरं जाणार हायती बोटीनं. डोंगरात गाडी चढत नाही तिथं खेचर चढतं. बोटीवर ती सांभाळायला मुलकी माणसं लागत्यात. शहरातली पोरं धाडली तर चावून खातील त्यांना. मुलकी माणसाला उंची कुणी इचारत नाही. मार्चच्या पंधरा तारखेला न्यू ऑर्लिन्सची गाडी. येतोस?"

व्हर्लिन उठून बसला. "पदक-बिदक?"

"शेण मिळंल. भरपूर."

"येतो," व्हर्लिन म्हणाला.

परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर आडवा झाला नाही. पुढं बसला, गुडघे कानाला लावून, आणि दोन तास कोचशी एक शब्द बोलला नाही. डनलेव्हींनी दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा म्हणाले, "मी देशासाठीच केलं. देशाला करमणूक नको व्हय?" मी मागनं म्हणालो, "कोच, गाडी चालवा."

मोठी स्पर्धा अठरा तारखेला होती. तेरा तारखेला कोच जुबाल मामाच्या गोठ्यात आले, हॅट हातात. व्हर्लिन खेचराचा पाय मांडीवर घेऊन खुर खरवडत होता.

"तीन सामने," कोच म्हणाले. "फक्त तीन. जहाज काय पळून जातंय?"

"जहाजाचं कामच ते हाय, कोच."

"पोरा, हे परत येणार नाही. पेपरात नाव येईल. कॉलेजचं नाव येईल. मी पंचवीस वर्षं वाट बघतोय ह्याची."

व्हर्लिननं खुर खाली ठेवला आणि सरळ उभा राहिला, खराखुरा सहा सात. "त्या बाईचा पोरगा वाळू खातोय," तो म्हणाला. "त्याला निदान सामान तरी जावं. तुमच्या जागी मी असतो तर मीबी बोळात उभा राह्यलो असतो, कोच. पण माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीबी गेला असता."

कोचनं हॅट घातली, काढली, परत घातली. "मी चुकलो," ते म्हणाले.

"व्हय," व्हर्लिन म्हणाला. "ते दावं धरा जरा. चावंल, डावीकडनं या."

डनलेव्हींनी दावं धरलं. चावलंच.

स्पर्धेत आमचे पाद्री, दमेकरी आणि एकडोळे पहिल्याच सामन्यात बत्तीस गुणांनी हरले. त्यांना प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या दिल्या असं कोच सांगायचे. मी तिथं होतो. लोक घरी जायला उठले होते.

व्हर्लिननं दोन फेऱ्या केल्या समुद्राच्या. त्याची पत्रं मावशी सगळ्यांना वाचून दाखवायची, वेळ लागायचा नाही. "आई, खेचरं तीनशे. चार मेली. मला उलट्या. खेचरं ठीक. व्हर्लिन." बोटीवरच्या खाटेत तो मावला नाही, म्हणून दोन रांगांच्या मधल्या बोळात गवतावर झोपायचा, आणि उठल्यावर कुणीतरी त्याचे केस खाल्लेले असायचे. दुसऱ्या फेरीला पुढची एक बोट पाणबुडीनं फोडली. व्हर्लिननं पत्रात त्यावर एकच ओळ घातली होती, की त्या रात्री खेचरं ओरडली नाहीत आणि त्याला ते आवडलं नाही. ती ओळ मावशीनं कुणाला वाचून दाखवली नाही. पुढं ट्रंकेत सापडली.

तो परत आला तोवर नियम बदलला होता. खाली पडणारा चेंडू हाकलायचा नाही. झाकणांचा धंदाच बंद. त्यानं एक हिवाळा खेळून बघितलं. चेंडू आत टाकायला शिकला, बऱ्यापैकी, पण चार पावलं टाकून टाकायचा तर तीनला थांबून दम घ्यायचा. अकरा सामने खेळला आणि एके दिवशी कोचला म्हणाला, "मी जातो. तुम्हाला पळणारं कुणीतरी लागंल." डनलेव्ही त्याला दारापर्यंत सोडायला आले. चौकटीखालनं जाताना त्यांनी सवयीनं हळूच "सूई" म्हटलं आणि व्हर्लिनचं कपाळ फुटलं. तेवढं सोडलं तर निरोप चांगला झाला.

मग टेलिफोन जोडून देणारी ल्युएला त्याच्याशी लग्नाला तयार झाली. तिनं आधी त्याचा आवाजच ऐकला होता, तो काही फार उंच नव्हता. मामाचा गोठा त्यानं चालवला, ट्रॅक्टरनी तो बंद पाडेपर्यंत. पुढं गावच्या शाळेच्या सभागृहाची देखभाल त्याच्याकडं आली. शिडी न घेता दिवे बदलणारा काउंटीतला एकमेव माणूस. शुक्रवारी सामना असला की दाराशी उभा राहून पोरांना सांगायचा, "पळा रं, पळायला शिका. माझं काय बघता?"

राहिली एक गोष्ट, ती मेअखेरच्या संचलनाची. लढाईत गेलेल्यांची आठवण म्हणून गावात दरवर्षी निघतं, बँड, झेंडे, कबरीवर फुलं. माजी सैनिकांच्या मंडळाचा नियम असा की रस्त्यावरनं चालायचं ते गणवेश घातलेल्यांनीच. व्हर्लिनला गणवेश कधी मिळालाच नव्हता. पहिल्याच वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला सांगितलं, नियम म्हंजे नियम. तो म्हणाला, बरोबर हाय. आणि संचलन निघालं तसा तो रस्त्याच्या कडेनं, दुकानांपुढच्या पायवाटेवरनं, त्याच पावलांनी, त्याच चालीनं निघाला. हातात दावं, दाव्याला मामाची शेवटची खेचरी. मधला रस्ता मंडळाचा, पायवाट कुणाच्याही बापाची नाही. लोकांचं लक्ष झेंड्याकडं राहीना. दरवर्षी हेच. त्याचा भाऊ डॉयल रस्त्यावरच्या रांगेतनं खालनं त्याला डोळा मारायचा.

असं अकरा वर्षं चाललं. बाराव्या वर्षी अध्यक्ष बदलले, जरा बरा माणूस होता. त्यानं बँड थांबवला, रांगेतनं बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "व्हर्लिन, आमचं ठरलंय. ये खाली रस्त्यावर. आमच्यात चल."

सगळं गाव बघत होतं. ल्युएलानं रुमाल काढला. मी म्हटलं, आता हा रडणार.

व्हर्लिननं रस्त्याकडं बघितलं. डांबर उन्हानं वितळायला आलं होतं. मग वर बघितलं, दुकानाच्या कापडी छताकडं.

"नगं," तो म्हणाला. "हितं सावली हाय."

बँड परत सुरू झाला, आणि तो खेचरी घेऊन चालायला लागला, झेंड्याच्या दोन पावलं पुढं.